राहिलेलं विसण

"बोटानं बघू नगंस. बोटं मेलेली असत्यात. कोपरानं बघ."

हा आवाज आक्काचा. क्रांतीची आई ती, पण शाहूवाडीकडच्या त्या डोंगरातल्या वाडीत सगळी तिला आक्का म्हणायची, म्हणून पोटच्या पोरींच्या तोंडीही तेच बसलं. आक्का लोकांच्या घरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची आणि सहा वर्षांची क्रांती मागं मागं, हातात गार पाण्याचा तांब्या घेऊन. न्हाणीत शेणीचा धूर, त्यात सायीचा आणि हळदीचा वास. आक्का पाय पसरून पाटावर बसलेली, दोन नडग्यांच्या खाचेत चार दिवसांचं, लालबुंद, सुरकुतलेलं काहीतरी. कढत पाण्यात गार पाणी ओतून ते अंगाला सोसेल असं करायचं, त्याला विसण म्हणतात. विसण ओतायचं काम क्रांतीचं. ती ओतायची, आक्का कोपर बुडवायची, मान हलवायची, ती पुन्हा ओतायची. तीनदा, चारदा. हंडा तोच, चूल तीच, पाणी त्याच विहिरीचं. तरी कोपर रोज बुडायचंच. एकदा क्रांती कंटाळून म्हणाली, कालच्याएवढंच ओतलंय की. आक्कानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाळाच्या टाळूवर तेल थापता थापता तिचं आपलं गुणगुणणं चालू राहिलं:

कढत पानी बाई, त्याला इसान बेताचं
आदी माजं कोपर, मंग आंग लेकराचं.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, बेसिनपाशी उभी राहून क्रांती हात धूत होती. सकाळपासून चौथ्यांदा. शेजारच्या फाउंड्रीतली काळी बारीक धूळ बंद खिडकीतूनही येऊन ओट्यावर बसायची, रोज पुसावी लागायची. आज तिनं ती पुसली नव्हती. इथं चेहऱ्याला लावायची सीरम आणि क्रीम बनायची, पुण्याच्या एका कंपनीच्या नावानं बाटलीत जायची. भिंतीवर परवाना होता, काचेत बसवलेला, आणि त्यावर जबाबदार तज्ज्ञ म्हणून तिचं नाव, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या अशा दोन्ही आडनावांसकट. परवाना लागला त्या दिवशी मालक अमरसिंहांनी पेढे वाटले होते आणि ती आक्काला फोनवर म्हणाली होती, माझ्या नावानं कारखाना चालतोय. पलीकडनं आक्का म्हणाली, मग नावाला जप. आता घड्याळात दहाला दहा कमी होते. अकराला औषध निरीक्षक बाई येणार होत्या.

धक्का तसा एवढासाच. गेल्या शनिवारी तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला स्कूटर थांबलेली, पर्समध्ये फोन थरथरला, तिनं सहज काढून बघितला. एका मुलीचा चेहरा. डावा गाल डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत करपलेला, तव्यावर विसरलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, आणि सुटलेल्या जागी ओला लाल रंग. खाली पुण्याच्या कंपनीनं लिहिलेलं: प्रियदर्शनी, वय तेवीस, राहणार बिद्री, झोपताना लावलं, सकाळी असं. आणि बॅच नंबर बत्तीस. सिग्नल सुटला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, झोपलाय काय?" आणि ती झोपलेली नव्हती, उलट कितीतरी दिवसांनी लख्ख जागी झालेली होती, आणि त्या जागेपणात तिला पहिल्यांदा दिसली ती मुलगी नाही, दिसला तो प्रयोगशाळेतल्या खालच्या कपाटातला एक काचेचा जार. काठोकाठ भरलेला. बूच लावलेला.

त्या जाराचं असं होतं. सीरममध्ये उसापासून निघतं तसलं एक आम्ल असतं, कातडीवरचा मेलेला थर सोडवणारं. ते नुसतं लावलं तर जाळतं. म्हणून त्यात बेतानं अल्कली घालायची, आम्लपणाचा आकडा, ज्याला सामू म्हणतात, तो तीन पूर्णांक आठवर आणायचा. आकडा जितका खाली तितकी आग जास्त. क्रांती मनात त्याला विसणच म्हणायची. नव्या मुलींना शिकवतानाही तोच शब्द तिच्या तोंडून जायचा आणि पॅकिंगच्या बायका हसायच्या, ताई, बाळ न्हाऊ घालताय का पिंप. हे विसण दोन हप्त्यांत घालायचं. अर्धं सकाळी, मग पिंप गार झाल्यावर, चारच्या सुमाराला, जारात काढून ठेवलेलं उरलेलं अर्धं. मग मोजायचं, मग लिहायचं. एवढंच. एकतीस बॅचेस तिनं असंच केलं आणि एकतीस वेळा आकडा तीन पूर्णांक आठ आला. पुण्याहून तपासायला माणसं यायची, ती कागद चाळायची; रिकामा चौकोन दिसला की त्यावर बोट ठेवायची, भरलेल्या चौकोनाकडं ढुंकून बघायची नाहीत. म्हणून कधीतरी, केव्हा ते तिला आता आठवत नव्हतं, ती सकाळीच सगळे चौकोन भरून टाकायला लागली. येणार तर तेच आहे. बत्तीसच्या कागदावरही सकाळीच लिहिलं, ३.८, निळ्या शाईत, घोटीव अक्षरात. आणि त्या दिवशी चार वाजता ती परवान्याच्या नूतनीकरणाची कागदपत्रं झेरॉक्सला घेऊन गेली होती. परत आली तेव्हा कागद भरलेला होता. भरलेल्या कागदावरचं काम झालेलं असतं.

जार तिला आठवड्यानं दिसला होता. हेही ती पाच दिवस स्वतःशी घोळवत होती, कुठूनही सुरुवात केली तरी विचार शेवटी तिथंच यायचा. कपाट उघडलं, जार भरलेला दिसला, आणि तिच्या मनानं, इतक्या हळू की तिला चाहूल लागू नये, सांगितलं, पुढच्या बॅचसाठी कुणीतरी करून ठेवला असेल. कुणी? तो जार तिच्याशिवाय कुणीच करत नव्हतं. तिनं तो बेसिनमध्ये ओतला, विसळला, पालथा घातला. मंगळवारी मात्र, सगळे गेल्यावर, तिनं नमुन्यांच्या कपाटातली बत्तीसची बाटली काढली. प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या तिथं जपून ठेवायचा नियम असतो, उद्या वाद झाला तर बघायला. तिनं बाटली फोडली, मीटरची कांडी बुडवली. काचेआड आकडा थरथरला आणि स्थिर झाला. तो तिनं कुठंही लिहिला नाही.

पण आकड्यापेक्षाही दुसरं एक होतं, आणि ते या कारखान्यातच होऊ शकलं असतं. इथं एक रीत होती, क्रांतीनंच पाडलेली. बॅचचा पहिला खोका बंद व्हायच्या आधी एक थेंब कुणाच्या तरी कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर. नियमात ते कुठंच नव्हतं. सुरुवातीला ती स्वतःच्या हातावर घ्यायची, मग पॅकिंगच्या बायका चेष्टेनं आपापली कोपरं पुढं करायला लागल्या, आणि मग चिमणाबाईंनी तो मान कायमचा स्वतःकडं घेतला. पेठ वडगावहून रोज एसटीनं येणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सगळ्यांत वेगानं टोपणं बसवणाऱ्या चिमणाबाई. माझं कोपार राजाराणीचं हाय, म्हणायच्या, आधी मी, मग म्हमईच्या नट्या. बत्तीसच्या पॅकिंगच्या सकाळी थेंब पडला आणि चिमणाबाईंनी हात झटकला.

"ताई, चुरचुरतंय की वो."

"कुठं?"

"हितंच की. आग हुतीया."

क्रांतीनं त्यांच्याकडं बघितलं. मार्च संपत आलेला. गावोगावच्या डंकांवर वर्षाची चटणी कांडून घ्यायला रांगा लागलेल्या, सबंध जिल्ह्याच्या हवेत मिरचीचा खाट. चिमणाबाईंच्या नखांत लाल कड होती, पदराला लसणाचा वास होता. "काल चटणी केलीत ना मावशी?" तिनं विचारलं.

"व्हय की. धा किलू. संकेश्वरी आनि ब्याडगी."

"मग त्याचीच आग आहे ती. हात बघा तुमचे."

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, मावशी, सीरमला तांबडा रस्सा लावू नका. चिमणाबाईही हसल्या, कोपर पदरानं पुसलं, पुन्हा एकदा त्या जागेकडं बघितलं, आणि टोपणं बसवायला लागल्या.

"क्रांतीताई."

अमरसिंह दारात उभे होते. मोठ्या घरचा माणूस, पण कुणावर आवाज चढवल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. बावीस बायका इथं कामाला होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या घरचं कोण आजारी आहे ते त्यांना ठाऊक असायचं. ते आत आले, स्टुलावर बसले, काचेची कांडी उचलून परत ठेवली.

"मी तुम्हाला काही करा म्हणत नाही," ते म्हणाले. "मी फक्त एवढंच बघितलं, की कपाटात बत्तीसच्या दोन बाटल्या उरल्यात आणि तेहेतीसच्या सहा. लेबल आपल्याकडंच छापतात."

तिनं नळ बंद केला.

"चिमणाबाई स्वतःच म्हणतायत, चटणीचा हात बाटल्यांना लागला म्हणून. कुणी त्यांना पढवलेलं नाही. काढणार नाही मी त्यांना. बाटल्या धुवायला लावू, तिकडं सावलीही आहे." ते उठले. "तुम्ही हुशार आहात. तुमचं नाव त्या भिंतीवर आहे, ते तसंच राहावं, एवढंच."

ते गेले. तिनं सांगितलं नाही, की ते येण्याआधीच, साडेनऊला, तिनं बाटल्या बदललेल्या होत्या. म्हणून तर ती हात धूत होती. लेबल ओल्या बोटानं सोलताना तिला स्वतःच्या कामाची सफाई जाणवली, कडा सरळ, सुरकुती नाही, आणि त्या सफाईचीच शिसारी आली. खऱ्या दोन बाटल्या तिच्या पर्समध्ये होत्या, डब्याच्या खाली.

दार पुन्हा वाजलं. चिमणाबाई. त्यांनी उंबऱ्यातच चपला काढल्या, इथं कुणी काढत नसे तरी, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभ्या राहिल्या, ओल्या रंगाचे असल्यासारखे.

"फोटू दावा की ताई. त्या पोरीचा."

"कशाला मावशी."

"बघाय पायजे मला. मी केलंय न्हवं."

क्रांतीनं फोन पुढं केला. चिमणाबाईंनी तो हातात घेतला नाही, वाकून बघितला. बराच वेळ. त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. "डोळा वाचला म्हणायचा," त्या म्हणाल्या. मग, "लगीन व्हायचं असंल." खाली पॅकिंगच्या पट्ट्याचा खटखट आवाज येत होता.

"लिंबानं धुतलं, ताकानं धुतलं, राखंनं घासलं," त्या हातांकडं बघत म्हणाल्या. "जायाच न्हाय वाटतंय. सुनंला सांगिटलं न्हाय मी अजून. नातू अडीच म्हैन्याचा हाय ताई. त्येला घेत न्हाय मी आता. सून म्हनती, आत्या रुसल्यात काय की. मी म्हनलं, कंबार धरलीया. रडतंय ते, मी पाळन्याची दोरी वडते निस्ती, लांबनं." त्यांनी तळवे तिच्यापुढं धरले. "औषध असतंय का वो ताई, हातातलं उतरायला? तुम्ही शिकल्याल्या."

क्रांतीला वाटलं, आता बोलले तर ही बाई आज घरी जाऊन ते लेकरू उचलून घेईल. तिला हेही वाटलं, आता बोलले तर भिंतीवरची काच उतरेल, नवरा विचारेल, गावात कळेल, आक्काला कळेल. आक्का काय म्हणेल ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तेच सगळ्यांत भीतीचं. ती म्हणाली, "दोन दिवसांत जाईल मावशी." आणि चिमणाबाईंच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती बघवेना म्हणून तिनं उगाच नळ सोडला.

निरीक्षक बाई बरोबर अकराला आल्या. तिच्याच वयाच्या, साधा सुती ड्रेस, केसांना रबर, चहा नको म्हणाल्या, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या. आवाज मोठा नव्हता पण प्रश्न सोडत नव्हत्या. ऑफिसात चौघं बसली: त्या, अमरसिंह, क्रांती आणि खुर्चीच्या अगदी कडेला चिमणाबाई, हात मांडीवर उताणे.

"हातमोजे देत नव्हते तुम्हाला?"

"देत्यात की. घाम येतोय म्हून बोटावर कापलं हुतं मी." हे खरं नव्हतं. क्रांतीला ठाऊक होतं की चिमणाबाई कधीच हातमोजे कापत नसत. त्या आपल्या गुन्ह्याला हातपाय लावत होत्या, त्यात काही उणं राहू नये म्हणून.

"किती बाटल्यांना टोपणं लावलीत त्या दिवशी?"

"सकाळच्या पारी दोन खोकी आसतील. मग दुसऱ्या कामाला गेल्ते."

"अठ्ठेचाळीस बाटल्या," अमरसिंह म्हणाले. "त्या आम्ही परत मागवल्यात, मॅडम. यादी आहे."

"आणि बाकीच्या बॅचला काही धोका नाही, असं तुमचं म्हणणं."

"नाही."

बत्तीसच्या सगळ्या बाटल्या बाराशे चाळीस, क्रांतीच्या डोक्यात आकडा उभा राहिला. त्यातून अठ्ठेचाळीस गेले तर अकराशे ब्याण्णव. अकराशे ब्याण्णव न्हाणीघरांतल्या फळ्या, आरसे, कंगव्याशेजारी उभ्या असलेल्या सुंदर निळ्या बाटल्या, आणि एकेक हात त्यांच्याकडं जाणारा, दिवसभराचा थकवा पुसून स्वतःला जरा बरं दिसावं एवढ्याच इच्छेनं. काही मुली घाबरून सोडून देतील. काही म्हणतील, आग होते म्हणजे काम करतंय, आणि पुन्हा लावतील.

"सामू?" निरीक्षक बाईंनी कागदावरून डोळे न उचलता विचारलं.

"तीन पूर्णांक आठ," क्रांती म्हणाली.

आता त्यांनी डोळे उचलले. "तुम्ही मोजला होता?"

"नोंद आहे."

"नोंद मला दिसतेय." त्यांनी क्षणभर वाट बघितली. मग मान खाली घालून काहीतरी लिहिलं. तो क्षण किती मोठा होता. त्यात एक माणूस आत जाऊन, बसून, पुन्हा बाहेर येऊ शकला असता.

कपाटातल्या बाटल्या आल्या. दोरा, लाख, शिक्का. लाखेच्या वासानं खोली भरली. क्रांतीनं साक्षीदार म्हणून सही केली आणि सही नेहमीसारखीच आली, याचं तिला नवल वाटलं. मग निरीक्षक बाईंनी चिमणाबाईंचा जबाब वाचून दाखवला, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबत. मी अमुक, राहणार पेठ वडगाव, असं सांगते की. माझ्या हाताला मिरचीची चटणी लागलेली असताना. माझ्या हलगर्जीपणामुळे. हलगर्जीपणा या शब्दापाशी चिमणाबाईंनी एकदा मान हलवली, शब्द पटल्यासारखी.

"बरोबर आहे?"

"बराबर हाय."

"वाचता येतं ना? इथं सही करा."

निरीक्षक बाईंनी पेन पुढं केलं. चिमणाबाईंनी उजवा हात उचलला आणि मध्येच थांबवला. पदराचं टोक ओढलं, त्यात पेन गुंडाळून धरायला लागल्या, नुसती बोटं लागू नयेत अशा बेतानं. पेन घसरलं. त्यांनी ओशाळून वर बघितलं.

"तुमच्या पेनाला काय व्हनार न्हाय न्हवं, बाई? मागनं तुम्ही तोंडाला हात लावशीला."

निरीक्षक बाई काही तरी बोलणार होत्या. अमरसिंहांनी खिडकीबाहेर बघितलं. टेबलावरचा पंखा कागदाचा कोपरा उचलत होता आणि सोडत होता. क्रांतीनं पाहिलं की आपला हात पुढं गेलाय आणि चिमणाबाईंच्या त्या पदरात गुंडाळलेल्या हातावर बसलाय. तो हात कोरडा होता. राखेनं घासून घासून साली निघालेला, खरखरीत, आणि गरम.

"सही करू नका मावशी," ती म्हणाली. आवाज तिचा होता पण इथला नव्हता, कारखान्यात ती असं कधी बोलली नव्हती. "तुमच्या हातात काय न्हाय. काय नव्हतंच. तुम्ही सांगिटलं हुतं मला, आग हुतीया म्हणून. मी हसले."

"ताई—"

"अर्धं औषध घालायचंच राहिलं हुतं माझं. मी झेरॉक्सला गेल्ते. आकडा सकाळीच लिवून ठेवला हुता." ती निरीक्षक बाईंकडं वळली. "आणि तुम्ही सील केल्या त्या बाटल्या बत्तीसच्या न्हाईत. खऱ्या माझ्या पर्समध्ये आहेत. मी बदलल्या. आज सकाळी."

अमरसिंह तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा माणूस गर्दीत हरवताना दिसावा तसं ते बघत होते. चिमणाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्या क्रांतीच्या तोंडाकडं, मग स्वतःच्या तळव्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत अजून सुटका आलेली नव्हती, आधी आला तो निव्वळ प्रश्न, हे मला पाच दिवस का सांगितलं नाहीस, असा. क्रांती तो नजरेनं झेलत राहिली.

निरीक्षक बाईंनी लिहिलेला जबाब उचलला, त्यावर एक तिरकी रेघ मारली, बाजूला ठेवला. कोरा कागद घेतला. वर तारीख घातली.

"सामू किती?" त्यांनी पुन्हा विचारलं, मघासारखंच, आवाज न बदलता.

"एक पूर्णांक नऊ," क्रांती म्हणाली. "हा मोजलाय मी. मंगळवारी."